वाळीत टाकलेले हॅकर

गावाने एखाद्याला वाळीत टाकलं की काय होतं, ते आपल्या आजे-पणज्यांना पाठ होतं. न्हावी फिरकत नाही, पाणवठा बंद, लग्नाची अक्षत दारावरून पुढे जाते. आर्थिक निर्बंध म्हणजे हाच प्रकार, फक्त गाव जगाएवढं. पाटीलकी अमेरिकेकडे, आणि चावडी म्हणजे तिथल्या वित्त खात्याचं ‘ऑफॅक’ नावाचं कार्यालय. त्याच्या यादीत नाव चढलं की अमेरिकेतली मालमत्ता गोठते, डॉलरचे व्यवहार थांबतात आणि तुमच्याशी देवघेव करणाऱ्यालाही घाम फुटतो.

सरकारी आशीर्वादाने होणाऱ्या हॅकिंगवर अमेरिका आणि युरोप गेली दहाएक वर्षं हेच औषध देताहेत. गुण किती येतो, ते पुढच्या गमतींवरून तुम्हीच ठरवा.

चोरी एकाची, नावं दुसऱ्यांची

नोव्हेंबर २०१४. सोनी पिक्चर्सचे संगणक कुणीतरी उघडून वाऱ्यावर सोडले: न आलेले सिनेमे, कर्मचाऱ्यांचे पगार, साहेबांच्या खासगी ईमेल, सगळं चव्हाट्यावर. राग होता ‘द इंटरव्ह्यू’ या विनोदी सिनेमावर, ज्यात किम जोंग उनला मारायचा बेत असतो. अमेरिकेने उत्तर कोरियाकडे बोट दाखवलं आणि २ जानेवारी २०१५ ला ओबामांनी निर्बंध जाहीर केले. तीन संस्था, दहा माणसं.

आता गंमत बघा. तीन संस्थांत एक गुप्तहेर खातं होतं, ते ठीक. पण दहा माणसं बहुतेक शस्त्रं विकणाऱ्या सरकारी कंपन्यांची, इराण-सीरिया-रशियात बसलेली. यांचा सोनीच्या हॅकिंगशी थेट संबंध असेलच असं नाही, हे अमेरिकी अधिकाऱ्यांनी स्वतःच सांगून टाकलं. दुसरा इलाजही नव्हता. उत्तर कोरियाशी अमेरिकेचा व्यापार १९५० च्या युद्धापासून बंदच. ज्याची न्हाव्याशी पासष्ट वर्षं गाठ नाही, त्याचा न्हावी बंद करणार कसा?

ज्युपिटरने वाचवलं

निर्बंधांनी एक सायबर दरोडा खरोखर अडवला. पण तो चुकून.

फेब्रुवारी २०१६ मध्ये बांगलादेश बँकेच्या, म्हणजे त्या देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या, संगणकांत चोर शिरले. तिथून त्यांनी न्यूयॉर्कच्या फेडरल रिझर्व्ह बँकेला पैसे पाठवायचे ३५ हुकूम धाडले. बेरीज ९५ कोटी १० लाख डॉलर. मुहूर्त काढणारा पक्का भटजी असावा. गुरुवारी रात्री सुरुवात, कारण ढाक्यात शुक्रवार-शनिवार सुट्टी. ढाका जागं होईतो न्यूयॉर्कचा शनिवार-रविवार. आणि सोमवारी फिलिपिन्समध्ये चिनी नववर्षाची सुट्टी. त्यात ढाक्यात व्यवहारांचे कागद आपोआप छापणारा प्रिंटर नेमका बंद. ऑफिसातला प्रिंटर बंद पडला तर जगात कुठेच कुणी दरोड्याचा संशय घेत नाही. इथेही घेतला नाही.

पैसे जायचे होते मनिलाजवळच्या मकाती शहरातल्या एका बँकेच्या शाखेत. तिथे खोट्या ओळखपत्रांवर पाच-पाचशे डॉलर भरून खाती आधीच्याच वर्षी, मे महिन्यात, उघडून ठेवली होती. एवढा जय्यत बेत कुठे अडकला? शाखेच्या पत्त्यात. ती होती ज्युपिटर स्ट्रीटवर. आणि ‘ज्युपिटर’ हे नाव इराणवरच्या निर्बंधांमुळे काळ्या यादीत गेलेल्या एका तेलवाहू जहाजाचं आणि जहाज कंपनीचंही होतं. फेडच्या संगणकाला ना बांगलादेश कळत होता ना चोर. त्याला शब्द दिसला, आणि त्याने हुकूम बाजूला काढले. मग माणसांनी ते नीट वाचले आणि त्यांना शंका आली. ३० हुकूम, म्हणजे जवळपास ८५ कोटी डॉलर, जागच्या जागी थांबले.

पण पाच हुकूम आधीच सुटले होते. त्यातला दोन कोटींचा श्रीलंकेतल्या एका संस्थेच्या नावे होता, आणि चोरांनी ‘फाउंडेशन’ऐवजी ‘फॅन्डेशन’ लिहिलं होतं. मधल्या जर्मन बँकेने विचारणा केली, पैसे परत आले. शुद्धलेखनाला हसणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. उरलेले ८ कोटी १० लाख मात्र ज्युपिटर स्ट्रीटवर पोचलेच आणि तिथून मनिलाच्या कॅसिनोंत गेले. फिलिपिन्सच्या काळ्या पैशाविरुद्धच्या कायद्यात तेव्हा कॅसिनो येतच नव्हते.

पुढे २०१८ मध्ये अमेरिकेने या दरोड्याचा आरोप एका उत्तर कोरियन प्रोग्रामरवर ठेवला. हिशेब असा झाला: उत्तर कोरियावरच्या निर्बंधांनी जे जमलं नाही, ते इराणच्या जहाजाने केलं.

गणेशखिंड रोड ते कोल्हापूर

उत्तर कोरियन चोरांचा हात पुण्यातही, गणेशखिंड रोडवरच्या कॉसमॉस बँकेत, पोचला. ११ ऑगस्ट २०१८, शनिवार. एटीएममध्ये कार्ड घातलं की मशिन बँकेला विचारतं, ‘या खात्यात पैसे आहेत का?’ हा निरोप पोचवणारी यंत्रणा म्हणजे स्विच. कॉसमॉस बँकेच्या बाबतीत चोरांनी स्वतःचाच खोटा स्विच मध्ये उभा केला आणि तो प्रत्येकाला ‘आहेत, द्या’ म्हणत सुटला. खरं खातं रिकामं आहे की भरलेलं, हे कुणी विचारायलाच जात नव्हतं. नकली कार्डांवर २८ देशांतून सुमारे ७८ कोटी रुपये काढले गेले, भारतातूनही अडीचेक कोटी. सोमवारी, १३ तारखेला, आणखी १३ कोटी ९२ लाख स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपयंत्रणेमार्गे हाँगकाँगला रवाना. एकूण ९४ कोटींच्या वर.

डोळ्यांसमोर आणा: कोल्हापुरातलं एटीएम, आत एसीची घरघर, आणि कार्डांची चळत घेऊन उभा असलेला एक पोरगा. कार्ड घालतो, नोटा काढतो, पिशवीत कोंबतो, दुसरं कार्ड. हे काम नेमकं कुणासाठी चाललंय, हे त्याला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. एप्रिल २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने अकरा जणांना शिक्षा सुनावली. सगळी वाहणारी माणसं. दरोड्यामागे उत्तर कोरिया असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ गटाने नोंदवलं होतं, पण प्याँगयाँगला समन्स बजावणार कोण?

आणि तारीख पुन्हा बघा, ऑगस्ट २०१८. त्याआधीच्याच वर्षी सुरक्षा परिषदेने उत्तर कोरियाचा कोळसा, लोखंड, मासळी आणि कापड विकणं बंद केलं होतं. परदेशांत मजुरी करणाऱ्या त्यांच्या माणसांना दोन वर्षांत परत धाडायचा ठरावही झाला होता. फास आवळलेला असतानाच कॉसमॉस लुटली गेली.

मला तर वाटतं, फास आवळला *म्हणून*. कोळशाला जहाज लागतं, जहाज उपग्रहातून दिसतं, बंदरात अडवता येतं. चोरलेल्या बिटकॉइनला बंदर नाही, जकात नाही. बाकी सगळे धंदे बसवले की उरलेल्या एकाच धंद्यात देशाची सगळी हुशार पोरं लागतात.

निम्मा संसार चोरीवर

त्याच तज्ज्ञ गटाने मार्च २०२४ मध्ये दिलेला आकडा: २०१७ ते २०२३ या काळात उत्तर कोरियाचे संशयित ५८ सायबर हल्ले, लूट सुमारे ३०० कोटी डॉलर. परकीय चलनातली जवळजवळ निम्मी कमाई याच वाटेने येत असल्याची माहितीही त्यात होती. अहवालानंतर काय झालं? हल्ले थांबले नाहीत, तज्ज्ञ गट थांबला. रशियाने २८ मार्चला नकाराधिकार वापरला आणि २००९ पासून पहारा देणारा हा गट एप्रिलअखेर घरी गेला.

पुढची भर: जुलै २०२४ मध्ये वझीरएक्स हे मुंबईचं क्रिप्टो एक्स्चेंज, साडेतेवीस कोटी डॉलर. हेही उत्तर कोरियाचंच काम असल्याचं अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने जानेवारी २०२५ मध्ये एकत्र जाहीर केलं. ज्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकून पडले, त्या इथल्या गुंतवणूकदारांना या निवेदनाचा काडीचा उपयोग नव्हता. मग फेब्रुवारी २०२५ मध्ये बायबिट हे दुसरं एक्स्चेंज, एका दिवसात सुमारे १५० कोटी डॉलर. कॉसमॉसचे ९४ कोटी रुपये यापुढे चिल्लर वाटतात.

टॅक्सीची पावती

युरोपची तऱ्हा वेगळी. १३ एप्रिल २०१८ ला हेग शहरात डच अधिकाऱ्यांनी चार रशियनांना पकडलं. रासायनिक शस्त्रांवर लक्ष ठेवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची इमारत शेजारी, आणि हॉटेलच्या पार्किंगमध्ये यांची भाड्याची गाडी. डिकीत अँटेना, अँटेनावर कोट पांघरलेला, तोंड संस्थेच्या वायफायकडे. सोबत वीस हजार युरो, वीस हजार डॉलर, आणि दोघांच्या राजनैतिक पासपोर्टांचे क्रमांक लागोपाठचे.

सगळ्यात गोड पुरावा खिशात सापडला: मॉस्कोत लष्करी गुप्तहेर खात्याच्या इमारतीलगतच्या गल्लीपासून विमानतळापर्यंतची टॅक्सीची पावती. हेर झाला म्हणून काय, परत गेल्यावर ऑफिसात प्रवासखर्चाचं बिल लावायचंच ना! सरकारी नोकरी केलेल्या कुणालाही त्या माणसाबद्दल जिव्हाळा वाटेल.

चौघांना त्याच दिवशी विमानात बसवून परत पाठवलं. दोन वर्षांनी, ३० जुलै २०२० ला, युरोपीय संघाने हॅकिंगबद्दलचे आपले पहिलेवहिले निर्बंध लावले. सहा माणसं, तीन संस्था. सहांतले चार हेच. शिक्षा: युरोपात प्रवेश नाही, युरोपातली मालमत्ता गोठवली. म्हणजे ज्यांना आधीच हाकललंय त्यांनी पुन्हा यायचं नाही, आणि टॅक्सीची पावती जपून ठेवणाऱ्या पगारदाराचा पॅरिसमधला बंगला जप्त. वाळीत टाकायला माणूस आधी गावात राहणारा लागतो, हे चावडीला कुणी सांगायचं?

हेरखात्याला पाच हजारांची सूट

डिसेंबर २०१६. निवडणुकीतल्या ढवळाढवळीबद्दल ओबामांनी ३५ रशियन अधिकाऱ्यांना देशाबाहेर काढलं आणि रशियाच्या दोन गुप्तहेर संस्थांवर निर्बंध लादले. त्यातली एक एफएसबी. मग लक्षात आलं की ही संस्था नुसती हेरगिरी करत नाही, परवानेही देते. सांकेतिक लिपीचं तंत्र असलेली कुठलीही वस्तू, म्हणजे फोनपासून संगणकापर्यंत सगळंच, रशियात न्यायची तर एफएसबीकडे कागद करावे लागतात. निर्बंध पाळायचे तर अमेरिकी कंपन्यांची रशियातली विक्रीच बंद!

२ फेब्रुवारी २०१७ ला ऑफॅकने मोकळीक दिली: परवान्यांच्या कामापुरते एफएसबीशी व्यवहार चालतील, फी मात्र वर्षाला पाच हजार डॉलरांच्या वर जाता कामा नये. गावाने वाळीत टाकलं, पण सातबारा काढायला तलाठी तोच.

नंबरप्लेटवर ‘चोर’

निर्बंधांना न भिणारा नमुना हवा असेल तर मॅक्सिम याकुबेत्स. ‘इव्हिल कॉर्प’ या टोळीचा म्होरक्या, लोकांच्या बँक खात्यांवर डल्ला मारणारा. २०१७ पासून तो एफएसबीचीही कामं करत होता, असं अमेरिकेचं म्हणणं. टोळीने नाव ‘दुष्ट कंपनी’ ठेवलं होतं, त्यामुळे पारदर्शकतेबद्दल तक्रारीला जागा नाही. साहेब मॉस्कोत लॅम्बोर्गिनी फिरवायचे. नंबरप्लेटवरची अक्षरं जुळवली की रशियन शब्द होतो ‘वोर’. अर्थ: चोर. लग्नाला अडीच लाख पौंडांहून जास्त खर्च.

डिसेंबर २०१९ मध्ये टोळी काळ्या यादीत गेली, त्याच्यावर ५० लाख डॉलरांचं बक्षीस लागलं. इथे मात्र औषध थोडं लागू पडलं, आणि ते कसं, हे बघण्यासारखं आहे. याकुबेत्सचं अमेरिकेत काही नव्हतं, पण त्याच्या *गिऱ्हाइकांचं* होतं. टोळीचा दुसरा धंदा फायली कुलूपबंद करून खंडणी मागायचा, आणि तो चालतो बळी पडलेली कंपनी पैसे मोजते म्हणून. आता इव्हिल कॉर्पला खंडणी देणं हाच गुन्हा झाला. कंपन्या आणि त्यांचे विमेवाले कचरले.

टोळीने काय केलं? जे आपल्याकडे टाळं लागलेलं हॉटेल करतं तेच. पाटी बदलली. आधी वेस्टेडलॉकर, मग हेडीस, मग फिनिक्स, मकाव. एकदा तर दुसऱ्याच टोळीचा मुखवटा लावला, पुढे तिसऱ्याच टोळीचं सॉफ्टवेअर भाड्याने घेतलं. २०२१ मध्ये एका अमेरिकी विमा कंपनीने फिनिक्सवाल्यांना चार कोटी डॉलर मोजल्याची बातमी आली. कंपनीचं म्हणणं, फिनिक्स हे नाव यादीत कुठे आहे? खरंच नव्हतं.

तरी इव्हिल कॉर्पचा धंदा पहिल्यासारखा राहिला नाही, हे ब्रिटनच्या तपास यंत्रणेने २०२४ मध्ये सांगितलं. सतत नाव बदलायचं, ओळख लपवायची, भागीदार बिचकतात. त्रास झाला. बंद मात्र झाला नाही.

पाटी बदलण्यात गॅरंटेक्सही पटाईत. रशियन माणसांचं हे क्रिप्टो एक्स्चेंज एप्रिल २०२२ मध्ये यादीत गेलं आणि त्यानंतर तीन वर्षं बिनधास्त चाललं. मार्च २०२५ मध्ये अमेरिका, जर्मनी आणि फिनलंडने मिळून त्याची संकेतस्थळं जप्त केली, तेव्हा कुठे बंद पडलं. लगोलग ‘ग्रिनेक्स’ नावाचं दुकान त्याच गिऱ्हाइकांसाठी उघडलं. चालकांपैकी एक जण सापडला तो वित्त खात्याच्या यादीमुळे नव्हे, सुट्टीमुळे. केरळात वर्कलाच्या किनाऱ्यावर आला होता, पोलिसांनी उचलला.

यंत्राला वाळीत कसं टाकायचं?

ऑगस्ट २०२२ मध्ये ऑफॅकने माणसाला नव्हे, कंपनीलाही नव्हे, तर एका प्रोग्रामलाच वाळीत टाकलं. टोर्नाडो कॅश. यात चोरीची नाणी टाकायची, इतरांच्या नाण्यांत ती मिसळतात आणि कुणाचं नाणं कुठून आलं हे सांगणं अवघड होतं. उत्तर कोरियाची साडेपंचेचाळीस कोटी डॉलरांची लूट इथे धुतली गेली, असा आरोप होता.

या यंत्राला मालक नाही, गल्ला नाही, बंद करायचं बटण नाही. बंदीनंतर एका खोडकराने यंत्रातून थोडं थोडं क्रिप्टो नामवंतांच्या जाहीर खात्यांवर पाठवायला सुरुवात केली. अमेरिकी टीव्हीवरचा जिमी फॅलन, बास्केटबॉलपटू शकील ओनील. घेणाऱ्याला नको म्हणायची सोय नाही. म्हणजे कायद्याच्या अक्षराप्रमाणे हे सगळे वाळीत टाकलेल्याशी व्यवहार करून बसले! घाबरू नका, तुमच्यामागे लागणार नाही, असं वित्त खात्याला समजवावं लागलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये अपील न्यायालय म्हणालं, ज्या प्रोग्रामात कुणालाच बदल करता येत नाही तो कुणाची मालमत्ता नाही, मग गोठवणार काय? मार्च २०२५ मध्ये नाव यादीतून उतरलं.

चावडीतच चोरी

डिसेंबर २०२४. अमेरिकी वित्त खात्याच्या संगणकांत हॅकर शिरल्याचं उघड झालं. अमेरिकेचा रोख चीनकडे, चीनचा इन्कार. बातम्यांनुसार ज्या कार्यालयांना लक्ष्य केलं गेलं त्यांत ऑफॅकही होतं. बरोबरच आहे, पुढचा नंबर कुणाचा हे चोरांनाही कळायला हवं. जानेवारीत ऑफॅकने या हल्ल्याबद्दल शांघायमधल्या एकाचं नाव यादीत घातलं. स्वतःच्याच घरातल्या चोरीची तक्रार स्वतःच्याच वहीत.

चीनच्या बाबतीत एक उलटी गोष्टही सांगितली पाहिजे. सप्टेंबर २०१५ मध्ये शी जिनपिंग वॉशिंग्टनला यायच्या आधी बातमी फुटली: धंद्याची गुपितं चोरणाऱ्या चिनी कंपन्यांवर निर्बंध येणार. शी आले, अशी चोरी करणार नाही असा करार झाला, आणि नंतर काही काळ ती घटल्याचं सायबर सुरक्षेतल्या मंडळींनी नोंदवलं, जरी घसरण आधीच सुरू झाली होती असंही त्यांचंच म्हणणं. निर्बंध लागलेच नाहीत. चीनला अमेरिकेत माल विकायचा होता, म्हणून नुसता डोळा वटारणं पुरलं.

शेवटचा प्रश्न मुलाखतीतला

उत्तर कोरियाची आणखी एक शक्कल: चोरी नको, नोकरीच करू. चोरलेल्या ओळखीवर त्यांचे प्रोग्रामर अमेरिकी कंपन्यांत घरबसल्या कामाला लागतात आणि पगार किमच्या तिजोरीत. कंपनी लॅपटॉप अमेरिकेतल्याच पत्त्यावर पाठवणार, म्हणून तिथे कुणीतरी लागतं. ॲरिझोनातल्या एका बाईने हे काम पत्करलं. धाडीत तिच्या घरी नव्वदहून जास्त लॅपटॉप सापडले, कुठला कोणत्या कंपनीचा याच्या चिठ्ठ्या लावलेले. ३०९ कंपन्या फसल्या, एक कोटी सत्तर लाखांहून जास्त डॉलर कमावले गेले, आणि जुलै २०२५ मध्ये तिला साडेआठ वर्षांची कैद झाली. हॅकर कसे ओळखावेत याचं प्रशिक्षण विकणारी एक कंपनीही अशीच फसली: नो-बी-फोर नावाच्या त्या कंपनीने २०२४ मध्ये स्वतःच कबूल केलं की व्हिडिओवर चार मुलाखती घेऊन आपण असाच एक जण नेमला, आणि लॅपटॉप हातात पडताच त्याने त्यात घातक सॉफ्टवेअर भरायला घेतलं.

यावर एक तोडगा सायबर सुरक्षेतल्या एका जाणकाराने २०२५ च्या परिषदेत सांगितला. त्याला ना यादी लागते ना वकील. मुलाखतीच्या शेवटी उमेदवाराला सहज विचारायचं, “काय हो, किम जोंग उन किती जाडा आहे?”

फोन तिथल्या तिथे कट होतो.